तीन बोटं सांगजो

पोट्टं मेडिकलला लागलं असं वऱ्हाडात कुणी सांगितलं की समोरचा आधी विचारतो, "कुठं?" उत्तर "पंजाबरावले" असं आलं तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "डाक्टरीचं का शेतकीचं?" कारण पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुखांचं नाव अमरावतीच्या १९८४ सालच्या मेडिकल कॉलेजालाही आहे आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठालाही. एकीकडे माणसं तपासायला शिकवतात, दुसरीकडे माती. मातीचा अहवाल एका कागदावर येतो आणि विषय संपतो. माणूस तपासायला शिकलेल्याला मात्र आपण शिकलो हे सिद्ध करण्यासाठी लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक, स्पॉटर, जर्नल, लॉगबुक आणि एक्सटर्नलची तब्येत या सगळ्यांतून पार पडावं लागतं.

मी स्वतः याच धंद्यातला. आधी टेबलाच्या त्या बाजूला उभा होतो, आता या बाजूला बसतो. कॉलेज कुठलं ते विचारू नका, मला अजून रिटायर व्हायचंय.

मेडिकलला लागण्याआधीच्या परीक्षेबद्दल फार बोलत नाही, त्यावर अख्खं अकोलं जगतं. तोष्णीवाल लेआउटमध्ये संध्याकाळी उभं राहिलं तर पाठीवर सॅक नसलेला माणूस शोधावा लागतो. बुलढाणा, वाशीम, पार हिंगोलीकडची पोरं इथं खोल्या करून राहतात, डबे लावतात आणि 'नीट' देतात. ७२० गुण, बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक कापला. २०२५ पासून तर १८० प्रश्न आणि १८० मिनिटं असा रोखठोक हिशोब आहे. दोन-दोन वर्षं दर मिनिटाला एक गोल काळा केलेलं हे पोरगं आमच्याकडे येतं, तेव्हा त्याला काहीही विचारलं की ते पर्यायांची वाट पाहत थांबतं. ॲनाटॉमीच्या पहिल्या तोंडीत मांडीचं हाड हातात देऊन विचारलं, "उजवं का डावं?" तर तिथंही त्याची नजर 'यापैकी नाही' शोधत फिरते. देवानं दोनच पर्याय दिलेत आणि निगेटिव्ह मार्किंगही नाही, हे त्याला पटवायला पहिलं वर्ष जातं.

आमच्या परीक्षा घेतं ते आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे, १९९८ पासून. तिथं परीक्षांचे हंगाम दोन, उन्हाळी आणि हिवाळी. गोदाकाठी ही नावं वेळापत्रकापुरती असतील, पण अकोल्यात उन्हाळी म्हणजे उन्हाळीच. पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेलेला, वॉर्डात दोन मोठे कूलर हेलिकॉप्टरसारखे घरघरत असतात आणि त्या आवाजात पोरानं हृदयातला असा आवाज ऐकायचा असतो जो बंद खोलीत कान देऊनही अर्ध्या लोकांना ऐकू येत नाही. मग परीक्षक म्हणतात, "कूलर बंद करा." मामा बटण दाबतो. पुढच्या अर्ध्या मिनिटात निदान झालं तर ठीक. नाहीतर शेजारच्या खाटेवरची आजी पदरानं वारा घेत विचारते, "काहून बंद केला बाप्पा? कोन मेलं?" पोरगं घाईघाईत "मर्मर आहे सर" म्हणून टाकतं. मर्मर असो-नसो, कूलर सुरू होतो आणि सगळा वॉर्ड त्या पोराला दुवा देतो.

उलट, तोंडीत कूलरसारखा दुसरा मित्र नाही. "सर, ऐकू नाही आलं" असं म्हणून प्रश्न दोनदा विचारून घेता येतो, तेवढ्यात खिडकीबाहेर उभा असलेला मित्र ओठ हलवून अर्धं उत्तर देतो.

घरी या काळात वेगळीच परीक्षा चालू असते. पोराची आई गजानन विजय ग्रंथाचं पारायण धरते. एकवीस अध्याय तिचे वेळेत होतात. पोराचा हृदयरोगाचा एक अध्याय होत नाही. निकाल लागला की शेगावला पायी जाते ती आई आणि पेढे खातो तो पोरगा. नापास झाला तर बाप म्हणतो, "पोथी बराबर वाचली नसन." राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमानं आता पहिल्या वर्षाला चारच संधी आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांच्या आत. त्यामुळे पूर्वी होस्टेलात जे दादा लोक असायचे, ज्यांच्या हाताखाली दोन बॅचा शिकून डॉक्टर झाल्या, ती जमात आता नामशेष होत आली. पासिंगचंही तसंच. लेखीत वेगळे पन्नास टक्के आणि प्रात्यक्षिकात वेगळे पन्नास. २०२३ साली आयोगानं दोन पेपरांच्या विषयात चाळीस टक्के चालतील असं म्हटलं आणि थोड्याच दिवसांत परत पन्नासवर आला. त्या मधल्या दिवसांत आमच्याकडची काही पोरं इतकी आनंदात होती की त्यांना पाहून वाटलं, यांना पदवी नको, फक्त बातमी पुरे.

स्पॉटर हा प्रकार बाहेरच्यांना माहीत नसतो. टेबलावर ओळीनं वस्तू मांडलेल्या, दर मिनिटाला घंटा, घंटा वाजली की पुढच्या टेबलाशी सरकायचं. हाड, बरणी, अवजार, सूक्ष्मदर्शकाखालची काच. काचेवरचं नेमकं दृश्य आधीच्या पोरानं हलवून ठेवलेलं असतं, त्यामुळे मागच्या सगळ्यांना नुसता गुलाबी रंग दिसतो आणि सगळे मुकाट 'यकृत' लिहितात. पण माझा राग आहे तो फॉरेन्सिकच्या टेबलावर. तिथं पिढ्यानपिढ्या एक प्रश्न येतो : बचनागाचं मूळ आणि हॉर्सरॅडिशचं मूळ यातला फरक सांगा. विलायतेत म्हणे घरोघरी हॉर्सरॅडिशची चटणी करायचे आणि चुकून बचनाग वाटला गेला तर माणूस जेवणाच्या टेबलावरच गार व्हायचा. आता आमच्या दर्यापूर-अंजनगावात कुणाच्या बापानं हॉर्सरॅडिश पाहिलंय? तरी पोरगं तो तक्ता तोंडपाठ करतं, शंकूच्या आकाराचं, सुरकुतलेलं, कापल्यावर गुलाबी होतं वगैरे. त्याच पोराच्या घरी पऱ्हाटीवर मारायच्या औषधाच्या बाटल्या पाटीखाली ठेवलेल्या असतात. ऑगस्ट-सप्टेंबरात फवारणीच्या दिवसांत कॅज्युअल्टीत एकामागून एक माणूस येतो, बाहुल्या टाचणीएवढ्या झालेल्या, तोंडाला फेस, अंगाला तो वास. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषानं काय केलं ते सगळ्या देशानं वाचलं. एका पोराला मी विचारलं होतं, "या विषाचा वास कसा सांगशील?" तो म्हणाला, "सर, आमच्या कोठ्यासारखा." पुस्तकात लसणासारखा असं दिलंय. मी त्याला पूर्ण गुण दिले. धोत्र्याचं बी आणि मिरचीचं बी हाही तसाच जुना प्रश्न आहे, पण तो निदान आपल्याकडचा. त्यात एका पोरीनं दोन्ही बिया हातात घेतल्या आणि एक दाताखाली धरायला निघाली. वऱ्हाडातली पोर, मिरची ओळखायची म्हणजे चावूनच. तिला वेळेवर थांबवलं.

आता एक्सटर्नल. म्हणजे बाहेरगावाहून येणारे परीक्षक. यांच्या आगमनाआधी आठवडाभर होस्टेलात गुप्तहेर खातं कामाला लागतं. कोण येणार, कुठले, मागच्या वेळी किती उडवले, काय आवडतं. पूर्वी त्यासाठी एसटीडी बूथवर रांग लागायची, आता व्हॉट्सॲपवर सरांची पूर्ण कुंडली येते : "थायरॉइड आवडतं. टाय लावून गेलं की खूश. हसले तर समजायचं गेलास." विभागातले लोक दुसऱ्या काळजीत. अमरावतीला गिला वडा द्यायचा का साहेबांना तिखट चालत नाही? शेगावची कचोरी गरम आणायची तर माणूस कोणत्या गाडीनं पाठवायचा? मी जे पाहिलं त्यावरून सांगतो, दुपारच्या जेवणाआधीचे रोल नंबर आणि जेवणानंतरचे रोल नंबर यांच्या नशिबात फरक असतो. पत्रिका पाहणाऱ्यांनी यावर काम करावं.

रस्त्याचाही परिणाम असायचा. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकलं आणि गिनीज बुकात नाव गेलं. त्याआधी याच रस्त्यानं आलेला एक्सटर्नल कमरेवर हात ठेवून गाडीतून उतरायचा आणि पहिल्या चार रोल नंबरांना मणक्यांवर प्रश्न यायचे. आता साहेब हसत उतरतात. रस्त्याचे फायदे कुठं कुठं पोचतात पाहा.

पण हे सगळं झालं सजावट. मेडिकलची खरी परीक्षा म्हणजे लाँग केस. एक पोरगं, एक पेशंट, साधारण पाऊण तास. पोरानं पेशंटची सगळी हकीकत विचारायची, तपासायचं, कागदावर मांडायचं, मग परीक्षक येणार आणि सोलून काढणार. पेशंटला आधीच ताकीद दिलेली असते, रोगाचं नाव सांगायचं नाही.

आता हा पेशंट कोण? परीक्षेला कुणीही चालत नाही. वाढलेली पानथरी हवी, हृदयाची झडप आवळलेली हवी, आणि माणूस दिवसभर तपासून घेण्याइतका धडधाकटही हवा. असं सगळं जुळून आलेली माणसं कुठल्याही शहरात मोजकीच. मग तीच ती दर हंगामाला बोलावली जातात. चहा-नाश्ता, जेवण, जाण्यायेण्याचे पैसे. हळूहळू हे लोक इतके तयार होतात की नळीची बारकी बाजू छातीवर टेकवताच आपण होऊन डाव्या कुशीवर वळतात आणि विचारतात, "सास सोडून थांबू का?" पोटाला हात लागायच्या आत गुडघे दुमडतात. अमरावतीला २०२४ मध्ये इर्विन आणि डफरीन या दवाखान्यांच्या जोरावर सरकारी मेडिकलही सुरू झालं. तिथली पोरं शेवटच्या वर्षाला पोचली की चांगल्या पानथरीला केवढी मागणी येईल, याचा विचार करून ठेवलेला बरा.

एकदा एक पोरगं अशाच एका काकाजींच्या खाटेशी गेलं. पोरगं मोठ्या शहरातलं, इंग्रजी शाळेतलं, कागद काढून म्हणालं, "बाबा, आपली प्रमुख तक्रार काय?"

"परमुख त कोनतीच नाई."

"मग दवाखान्यात का आलात?"

"बलावलं म्हनून आलो."

"किती दिवसांपासून त्रास आहे?"

"कोनता?"

पाऊण तास हे असंच चाललं. काकाजींनी गुळणी धरली ती सोडलीच नाही. पोराच्या कागदावर शेवटी नाव, वय आणि 'पेशंट माहिती देण्यास सहकार्य करत नाही' एवढं होतं. बाहेरून काचेतून मी पाहत होतो. आत जाण्याची परवानगी नियमात नसते.

दुपारी त्याच खाटेवर एक पोरगी आली, मुर्तिजापूरकडची. तिनं कागद बाजूला ठेवला.

"काकाजी, चहा झाला का?"

"कायचा चहा बाई. सकाळपासून चौघांनी पोट दाबलं, चहा कोनीच नाई इचारला."

तिनं मावशीला सांगून चहा मागवला. काकाजींनी बशीत ओतून तो फुरकला, मिशा पुसल्या, पाय दुमडले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "डाव्या बरगडीखाली पाह्य. पानथरी हाये. तीन बोटं. तीनच सांगजो. सकाळी एकानं चार सांगतली, तो बाहेर मुंडी खाली घालून बसला."

तरीही तिनं स्वतः मोजून घेतलं. आधी हात एकमेकांवर चोळून गरम केले, मग बेंबीखाली उजवीकडून डाव्या बरगडीकडे वर सरकत आली. नंतर परीक्षक आले. तिनं तीन सांगितली, कारणं सांगितली, मेळघाटातून येणं-जाणं आहे का, ताप थंडी वाजून येत होता का, हेही विचारलं होतं. एक्सटर्नलना वाटलं, इतकं बरोबर आहे म्हणजे काहीतरी गडबड आहे. त्यांनी स्वतः तपासायला हात टेकवला. हिवाळी परीक्षा होती. काकाजी खाटेवरून अर्धे उठले.

"साहेब, हात गरम करा आधी. या पोरीनं केले होते."

वॉर्डात कुणी हसलं नाही, पण सिस्टर टेबलाखाली पेन शोधायला वाकली ती बराच वेळ वर आली नाही. पोरगी पास झाली.

ही हकीकत मी सांगितली की माझे तरुण सहकारी म्हणतात, सर, म्हणूनच लाँग केस बंद करा. पेशंट उत्तर फोडतो, परीक्षकाचा मूड लागतो, एकाला सोपी केस, एकाला अवघड. त्यावर उपाय आहे ऑस्की. स्कॉटलंडातल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी तो १९७५ मध्ये जगापुढे मांडला. टेबलं मांडा, प्रत्येक टेबलावर एक छोटं काम, सगळ्यांना तेच काम, तेवढाच वेळ, आणि परीक्षकाच्या हातात यादी. हात धुतले, एक गुण. नाव सांगितलं, एक गुण. परवानगी घेतली, एक गुण. परीक्षकानं कचोरी खाल्ली काय आणि न खाल्ली काय, यादी तीच. आपल्याकडे २०१९ पासून नवा अभ्यासक्रम आला तेव्हापासून याला जोर आहे. स्किल्स लॅब आली, रबरी बाहुले आले.

तत्त्व उत्तम. मी विरोधात नाही. फक्त एकदा येऊन पाहा. टेबलावर शिरेत सुई घालायचा सराव करायला एक रबरी हात ठेवलेला असतो. नुसता हात. खांद्यापासून पुढे काही नाही, डोकं नाही, तोंड नाही. पोरगं येतं, हात धुतं आणि त्या हाताला म्हणतं, "नमस्कार आजी, मी तृतीय वर्षाचा विद्यार्थी. तुमच्या हाताला सुई लावू का? थोडं दुखेल हं." आजी काही बोलत नाही. परवानगी मिळाली असं धरून सुई आत जाते. शेवटी "धन्यवाद आजी" म्हणून पोरगं निघतं आणि माझ्या यादीत सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण असते. हेच पोरगं दुसऱ्या दिवशी वॉर्डात खऱ्या आजीच्या खाटेशी जाऊन काही न बोलता मनगट धरतं. का रे, नमस्कार कुठं गेला? तर म्हणतं, "सर, आज परीक्षा नाही ना." आणि त्यानं परवानगी विचारलीच, तर खरी आजी म्हणते, "इचारते काय बाप्पा, त्याच्यासाठीच त पडली हाओ इथं."

लॉगबुकाची गोष्ट तर लिहिण्यासारखीही नाही. प्रत्येक कामाची तारीख, सही आणि 'मी काय शिकलो' हा परिच्छेद. वर्षअखेरीला सगळ्या सह्या एका दुपारी एकाच पेनानं होतात, तेव्हा त्या पेनानं खूप शिकलेलं असतं.

माझं म्हणणं वेगळं आहे. लाँग केसमध्ये पोरगं पेशंटशी कसं वागलं हे पाहायला आत कुणी नसतं. ते पाहणारा एकटा पेशंट, आणि त्याच्या हातात गुणपत्रिका नाही. ऑस्कीत पाहायला माणूस आहे, गुणपत्रिकाही आहे, पण समोर रबर आहे. 'संवाद कौशल्य' हा नव्या अभ्यासक्रमातला विषय लेखी पेपरात येतो आणि पोरं रुग्णाशी कसं बोलावं याचे सात मुद्दे लिहून पाच गुण घेतात. त्यातला चहाचा मुद्दा मी अजून एकाही उत्तरपत्रिकेत वाचलेला नाही. काकाजींनी मात्र हा विषय आयोगाच्या कितीतरी आधीपासून घेतलेला आहे आणि निकालही जागच्या जागी लावलेला आहे. जो नीट बोलला त्याला तीन बोटं, जो उद्धट वागला त्याला 'परमुख त कोनतीच नाई'. फोडलेलं उत्तर म्हणा हवं तर, पण ते कुणाला फोडायचं हे तो माणूस पाहून ठरवत होता. एवढी कठोर तोंडी माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

यावर मधला मार्ग आहे आणि तो पुस्तकात कधीचा आहे : शिक्षकानं खाटेशेजारी स्टूल टाकून बसायचं, खऱ्या पेशंटशी पोरगं वीस मिनिटं बोलताना-तपासताना पाहायचं आणि तिथंच चुका सांगायच्या. मिनी-सीईएक्स म्हणतात त्याला, अक्षरं सुटी ठेवून वाचावं. अमेरिकेतल्या इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डानं ते काढलं. त्याला बाहुला लागत नाही, घंटा लागत नाही, कचोरी लागत नाही. लागतो फक्त शिक्षकाचा वेळ, आणि दीडशे पोरं, गच्च ओपीडी आणि भरायची राहिलेली पदं पाहता तोच आमच्याकडे सगळ्यात महाग. तरी वर्षातून प्रत्येक पोरामागे दोन वेळा एवढं जरी झालं तरी मी निम्मी लॉगबुकं रद्दीत घालायला तयार आहे.

तोवर मदार तुमच्यावरच. तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी परीक्षेच्या हंगामात अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीला दाखल असाल आणि कडक इस्त्रीचा पांढरा कोट घातलेलं, घाबरलेलं पोरगं खाटेशी येऊन उभं राहिलं, तर त्याला सगळं सांगा. कधीपासून दुखतं, आधी कुणाकडे दाखवलं, कुठली जडीबुटी घेतली, तेही लपवू नका. रोगाचं नाव मात्र लगेच सांगू नका. आधी त्यानं हात धुतले का, ते पाहा.